एनएफएस: सर्व्हरवर १०००, मॅकवर ५०१, वाचता येतं, लिहिता येत नाही

चिंचोका

सर्व्हर उबंटू २२.०४, एक्सटी४ डिस्क. त्यावरचं एक फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वापरू द्यायची पद्धत) घरच्या नेटवर्कवर दिलंय. क्लायंट दोन: फेडोराचा लॅपटॉप आणि मॅकबुक. युजरनेम तिन्हीकडे एकच. फेडोरावरून सगळं सुरळीत. मॅकवरून फायली उघडतात, पण सेव्ह करताना ‘परमिशन डिनाइड’.

तात्पुरतं फोल्डर ७७७ (सगळ्यांना लिहायची मुभा) करून मॅकवरून एक फाईल टाकली. उबंटूवर तिचा मालक नुसता ‘५०१’ दिसतो आणि ग्रुप चक्क ‘डायलआउट’! हा कुठून आला?

एनएफएस ४ मध्ये नावावरून जुळणी होते असं वाचून व्हर्स=४ ने माउंट केलं, डोमेनही दोन्हीकडे सारखं लिहिलं. काही फरक नाही. साम्बा (विंडोजच्या धर्तीचं फाईल शेअरिंग) नकोय, कारण त्याच फोल्डरात गिटच्या रेपॉझिटरी आहेत आणि सिमलिंक, एक्झिक्यूट बिट जसेच्या तसे राहायला हवेत.

खडकवासला_रूट

आधी ते ७७७ काढा.

एनएफएसवर नेहमीच्या सेक=सिस पद्धतीत प्रत्येक विनंतीसोबत फक्त आकडे जातात: एक यूआयडी (युजरचा क्रमांक), एक जीआयडी (ग्रुपचा क्रमांक) आणि जास्तीत जास्त १६ जादा ग्रुप. युजरनेम सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. मॅक म्हणतो ‘मी ५०१’. फोल्डर १००० च्या मालकीचं आणि मोड ७५५, म्हणजे तुम्ही ‘इतर’ ठरलात: वाचा, लिहू नका. उबंटू आणि फेडोरा दोघेही पहिल्या माणसाला १००० देतात म्हणून तिथे जमून गेलं. तो निव्वळ योगायोग.

डायलआउटचंही तेच. मॅकवर तुमचा मुख्य ग्रुप ‘स्टाफ’, आकडा २०. डेबियन घराण्यात २० म्हणजे डायलआउट, सिरियल पोर्ट वापरणाऱ्यांचा ग्रुप (डेबियनचा स्टाफ ५० वर आहे). उबंटूने २० पाहिला आणि आपल्या यादीतलं नाव छापलं. म्हणून अशा वेळी ‘एलएस -एल’वर विश्वास ठेवू नका, ‘एलएस -एलएन’ने आकडे पाहा.

व्हर्जन ४ बद्दलचा गैरसमज फार पसरलेला आहे. तिथे फाईलचा मालक ‘नाव@डोमेन’ असा पाठवायची सोय आहे, पण सेक=सिस असेल तर लिनक्सचा सर्व्हर मुळात तिथेही आकडेच पाठवतो (एनएफएस४_डिसेबल_आयडीमॅपिंग हे पॅरामीटर वाय असतं). ते एन केलंत तर यादीत नावं सुरेख दिसतील, पण विनंती करणारा कोण हे तरीही आकड्यावरूनच ठरेल. दिसणं आणि परवानगी हे दोन वेगळे मामले आहेत.

मॅक एकच माणूस वापरत असेल तर सर्व्हरवरच उपाय करा. एक्स्पोर्ट्स फाईलमध्ये (कुणाला कुठलं फोल्डर द्यायचं याची सर्व्हरवरची यादी) मॅकच्या आयपीसाठी स्वतंत्र नोंद लिहा आणि कंसात हे पर्याय द्या: आरडब्ल्यू, सिंक, नो_सबट्री_चेक, ऑल_स्क्वॉश, अनॉनयूआयडी=१०००, अनॉनजीआयडी=१०००, इन्सिक्युअर. मॅककडून येणारी प्रत्येक विनंती मग १००० समजली जाते. फेडोराची नोंद आहे तशी राहू द्या. एकाच आयपीची नोंद सबनेटच्या (आयपींच्या अख्ख्या गटाच्या) नोंदीवर भारी पडते, क्रम कुठलाही असो. अर्थात मॅकचा आयपी राउटरमध्ये पक्का करून ठेवावा लागेल. मग ‘एक्स्पोर्टएफएस -आरए’, आणि ‘एक्स्पोर्टएफएस -व्ही’ने खरंच काय लागू झालं ते तपासा.

आयपी आणि कंस यांच्यात जागा सोडू नका. सोडलीत तर आयपीला नुसते डीफॉल्ट पर्याय मिळतात आणि कंसातले पर्याय अख्ख्या जगाला.

इन्सिक्युअर हे नाव ऐकून दचकू नका. मॅक १०२४ च्या वरच्या पोर्टवरून बोलतो आणि लिनक्सला मुळात खालचं पोर्ट हवं असतं, एवढंच. ते नको असेल तर मॅकवर सुडोसह ‘रेझव्हीपोर्ट’ देऊन माउंट करा.

आधीच्या ५०१ वाल्या फायली सर्व्हरवर ‘फाइंड’ला -यूआयडी ५०१ देऊन शोधा आणि चोन -एच (मालक बदलायची कमांड) ने १०००:१००० करा.

सिमलिंक_सातारकर

वरचा उपाय बरोबर आहे, पण त्याची एक कटकट राहते. मॅकवर मालक ‘१०००’ असा परकाच दिसतो, आणि लिहिता येईल का हे सर्व्हरला न विचारता मोड बिट्सवरून ठरवणारी अ‍ॅप तिथेच अडतात. आरसिंक -ए (फायली कॉपी करायची कमांड) चालवलात तर तो ग्रुप २० लावू पाहतो आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ची रांग लागते, सोबत --नो-ओ --नो-जी द्या.

कायमचं हवं असेल तर आकडेच जुळवा. बदलायचा तो मॅकचा, कारण दोन मशिन आधीच १००० वर आहेत. शिवाय लिनक्सवर ५०१ करणं म्हणजे लॉगिन.डेफ्स मधल्या यूआयडी_मिन=१००० च्या खाली जाणं; तिथली खाती सिस्टिमची मानली जातात आणि लॉगिनच्या पडद्यावरून तुमचं नाव गायब होऊ शकतं. यूजरमॉड -यू फक्त होम फोल्डरातल्या फायलींची मालकी बदलतो, बाकीच्या हाताने शोधाव्या लागतात.

मॅकवर आधी टाइम मशिनचा बॅकअप. दुसरं अ‍ॅडमिन खातं काढा, मूळ खात्यातून लॉगआउट करून त्यात शिरा. टर्मिनलला ‘फुल डिस्क अ‍ॅक्सेस’ द्या, नाहीतर लायब्ररीतल्या अर्ध्या फायलींना हात लावता येत नाही. मग डीएससीएल -चेंज (खात्याची माहिती बदलायची कमांड) ने त्या खात्याचा युनिकआयडी ५०१ वरून १००० करा. जनरेटेडयूआयडीला हात लावू नका. त्यानंतर होम फोल्डर, युजर्स/शेअर्ड आणि होमब्रूचं फोल्डर यांत ५०१ च्या फायली शोधून चोन करा. कुलूप लावलेल्या फायली (यूसीएचजी फ्लॅग) नकार देतील, त्यांचा फ्लॅग आधी काढा. रीस्टार्ट. ग्रुप २० तसाच राहू द्या. मालक जुळला की तुमचं काम होतं. आणि हे केल्यावर सर्व्हरवरचं ऑल_स्क्वॉश काढून टाका.

चिंचोका

सध्या ऑल_स्क्वॉशने काम झालं, सेव्ह होतंय. पुढे आणखी दोघं मॅक घेऊन येणार आहेत. प्रत्येकाचा ५०१च असेल ना? आणि एक विंडोज ११ प्रोही आहे.

सिमलिंक_सातारकर

हो, प्रत्येक मॅकवरचं पहिलं खातं ५०१. म्हणजे आकडे जसेच्या तसे जाऊ दिलेत तर सर्व्हरला तिघेही एकच माणूस. प्रत्येक आयपीला वेगळा अनॉनयूआयडी द्या आणि अनॉनजीआयडी सगळ्यांना एकच, सामाईक ग्रुपचा. फोल्डर २७७५ करा, म्हणजे ग्रुपला लिहिता येतं आणि नव्या फायलींना फोल्डरचाच ग्रुप लागतो. मात्र मॅकचा उमास्क (नव्या फाईलवरून कुठल्या परवानग्या काढायच्या तो आकडा) ०२२ असतो, त्यामुळे नवी फाईल ६४४ होऊन येते आणि ग्रुपला लिहिता येत नाही. सर्व्हरवर डीफॉल्ट एसीएल (परवानग्यांची जादा यादी) लावूनही उपयोग नाही, मागितलेल्या ६४४ मुळे मास्क ‘फक्त वाचा’ एवढाच उरतो. प्रत्येक मॅकवर ‘सुडो लाँचसीटीएल कॉन्फिग यूजर उमास्क ००२’ आणि रीस्टार्ट.

विंडोजच्या एनएफएस क्लायंटला रजिस्ट्रीत क्लायंटफॉरएनएफएस > करंटव्हर्जन > डीफॉल्ट खाली अनॉनिमसयूआयडी आणि अनॉनिमसजीआयडी हे दोन डीवर्ड द्यावे लागतात. ते भरताना दशांश निवडा. हेक्समध्ये १००० लिहिलं तर ४०९६ होतं.

खडकवासला_रूट

एक लक्षात ठेवा, या सगळ्यात कुणी कुणाची ओळख पटवत नाही. वायफायचा पासवर्ड असलेला कुणीही आपल्या लिनक्सवर १००० चं खातं काढून फेडोराच्या नोंदीतून तुमच्या फायलींत शिरेल, म्हणून तीही सबनेटला न देता एकाच आयपीला द्या. माणसं वाढली आणि एकमेकांपासून फायली लपवायच्या असतील तर सेक=केआरबी५ (कर्बेरॉस, खरोखर ओळख पटवणारी पद्धत) शिवाय गत्यंतर नाही. चार जणांच्या घरगुती नेटवर्कसाठी कर्बेरॉस उभारणं मला तरी डोईजड वाटतं.

बोलीभाषा_बाइट

थोडं अवांतर, पण मराठी नावांच्या फायली असतील तर लागेल. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतं: एकच कोड, किंवा र आणि नुक्ता असे दोन. मॅकवरची काही अ‍ॅप दुसरा प्रकार पाठवतात. मग ‘दुसऱ्या सत्राचे हिशेब’ नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी दिसतात, किंवा फेडोरावर टाइप केलेलं नाव सापडतच नाही. मॅकवर माउंट करताना ‘एनएफसी’ (नावं एकाच कोडच्या प्रकारात पाठवणारा) हा पर्याय जोडा, आणि गिटमध्ये कोअर.प्रीकंपोझयुनिकोड ट्रू आहे का पाहा.