कर्व्यांचे महिला विद्यापीठ : उच्च शिक्षण की वेगळी पंगत?

मुळाक्षरे : ‘अण्णासाहेब कर्व्यांनी बायकांना उच्च शिक्षण दिले नाही, त्यांनी गृहकृत्यांना पदवीचा मुलामा दिला,’ असे वाक्य येथेच एका लेखनात वाचले आणि सविस्तर उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. 1893 मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला म्हणून ज्यांच्यावर मुरुडकरांनी बहिष्कार टाकला आणि ज्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढून तो पुढे हिंगण्यास नेला, त्या गृहस्थांना बायका चुलीपाशीच राहाव्यात असे वाटत होते, हे कोणत्या आधारावर म्हणायचे? 1916 मध्ये विद्यापीठ सुरू झाले तेव्हा विद्यार्थिनी अवघ्या पाच होत्या. शिक्षण मातृभाषेतून होते, पण इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. कायद्याने मान्यता मिळाली ती 1951 मध्ये. पस्तीस वर्षे मान्यतेविना विद्यापीठ चालवणे हे मुलामा देणाऱ्याचे काम नव्हे.

डेक्कनवासी : ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेत नाही. मुंबई विद्यापीठाने 1883 मध्येच स्त्रियांना पदवी परीक्षा खुल्या केल्या होत्या आणि कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात मुलांच्या वर्गात बसून पदवीधर झाल्या होत्या. दार उघडलेले असताना बाजूला वेगळी पंगत मांडण्याचे कारण काय? 1915 च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात कर्व्यांनीच सांगितले की स्त्रीचे कार्य महत्त्वाने पुरुषाच्या बरोबरीचे, किंबहुना अधिक, असले तरी वेगळे आहे. या ‘वेगळे’पणातूनच गृहशास्त्र आणि आरोग्य अभ्यासक्रमात आले. फर्ग्युसनमध्ये 1891 पासून 1914 पर्यंत मुलांना गणित शिकवणाऱ्या प्राध्यापकाने मुलींसाठी निराळी यादी करावी, हे मला पटत नाही. त्यांच्या सूनबाई इरावतीबाईही फर्ग्युसनमधूनच पदवीधर झाल्या, हे विसरू नका.

हिंगण्याची नात : इरावतीबाई 1931 ते 1936 याच विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या, हेही विसरू नका. माझी आजी बालविधवा होती. घरातून तिला कोणत्याही कॉलेजात, मुलांच्या वर्गात तर नाहीच, पाठवले नसते. या विद्यापीठाने घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची सोय ठेवली होती, म्हणून ती स्वयंपाकघर आवरल्यावर कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून जी. ए. (या विद्यापीठाची पदवी) झाली. पुढे एका शाळेत नोकरी मागायला गेली, तेव्हा ‘ही पदवी आम्ही मानत नाही, खरी बी. ए. असाल तर या,’ असे तिला तोंडावर सांगण्यात आले. ज्यांनी तिला तसे परत पाठवले, त्यांचेच शब्द आज तुम्ही उच्चारत आहात, याचे मला दुःख होते.

वाटसरू : आपल्या आजींबद्दल आदर आहे, पण ‘घरातून पाठवले नसते’ अशा घरांत कोणती घरे मोडतात, हेही बोलायला हवे. विठ्ठल रामजी शिंदे सासरच्या छळातून सोडवलेल्या बहिणीला, जनाक्काला, घेऊन कर्व्यांच्या आश्रमात गेले, तेव्हा ती ब्राह्मण नाही म्हणून तिला प्रवेश मिळाला नाही. हे शिंद्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. ती पुढे हुजूरपागा या पुण्यातल्या मुलींच्या शाळेत शिकली. तुमच्या ‘स्त्रियां’मध्ये जनाक्का बसत नव्हती.

मुळाक्षरे : येथे विषय विद्यापीठाचा आहे, आश्रमाच्या प्रवेशाचा नाही. आश्रम सनातनी मंडळींच्या वर्गणीवर चालत होता, एकेका रुपयासाठी कर्वे दारोदार फिरत होते. त्या परिस्थितीचा विचार न करता दोष देणे सोपे आहे.

वाटसरू : परिस्थिती जनाक्काचीही होती. विद्यापीठ आश्रमाच्या कामातूनच उभे राहिले, मग आश्रमाचे पुण्य विद्यापीठाच्या खात्यात घेता आणि उणी बाजू आली की विषय बदलल्याची तक्रार करता, हे न्याय्य नाही. माझ्या पणजीला त्या काळी पुण्यातल्या कोणत्या वसतिगृहात ठेवून घेतले असते, ते सांगा.

मुळाक्षरे : आवाज चढवल्याने इतिहास बदलत नाही. कर्व्यांनी 1944 मध्ये समता संघ काढला, तोही जातिभेदाविरुद्धच.

वाटसरू : तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते. संघाचे मोल मी नाकारत नाही, पण आश्रम काढल्यापासून अठ्ठेचाळीस वर्षे गेली होती, एवढे आपणही नाकारू नका.

मुळाक्षरे : वर्षांचा हिशेब बरोबर आहे. जनाक्काला घ्यायला हवे होते, हेही मान्य करतो. त्यावरून सर्व काम फोल ठरवाल, तर मात्र मान्य नाही.

बयोची लेक : एवढ्या वादात पंडिता रमाबाईंचे नाव कोणी घेतले नाही, याचा राग येतो. गोदूबाई 1889 मध्ये रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला आल्या आणि कर्व्यांशी लग्न झाल्यावर बाया कर्वे म्हणून आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींनी दिलेल्या पंधरा लाखांच्या देणगीमुळे 1920 मध्ये त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव विद्यापीठाला लागले, ते योग्यच झाले, पण बायांच्या वर्गणीची आठवण कोण ठेवतो?

डेक्कनवासी : घरून परीक्षा देण्याच्या सोयीचे महत्त्व मी लक्षात घेतले नव्हते. ती नसती तर त्या आजी पदवीपर्यंत पोहोचल्या नसत्या, एवढे मी मानतो. अभ्यासक्रमाबद्दलचा आक्षेप मात्र कायम आहे, कारण घरी बसून गृहशास्त्र शिकता येते तसे गणितही शिकता येते.

हिंगण्याची नात : गणित तिला आवडले असते, हे मीही नाकारत नाही. पण ते तिच्यापर्यंत घेऊन येणारे तुमचे डेक्कन कॉलेज नव्हते.