मदत हवी आहे: साक्षरता वर्गाच्या स्वयंसेवकांना हातच्याची वजाबाकी शिकवायला कसं तयार करायचं?

चोपडा तालुक्यात उल्लास या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या स्वयंसेवकांचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचंय. सगळी कॉलेजची पोरं. वाचन बरं शिकवतात, गाडी अडते वजाबाकीत. वर्गातल्या बाया कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशेब तोंडी चोख करतात, पण 52 वजा 27 पाटीवर मांडलं की उत्तर 35: सातातून दोन काढतात. काड्यांचे दहाचे गठ्ठे देऊन पाहिले. प्रशिक्षणात जमतं, वर्गात पुन्हा ‘शेजारून एक उसना घे’ सुरू. एकमेकांसमोर पाठ घेतले, तर शिकणाऱ्याचं सोंग घेणारा चुकतच नाही! प्रोजेक्टर नाही. वर्ग रात्री 8 नंतर, प्रत्येकाकडे एकदाच जाता येईल. उल्लासच्या परीक्षेत संख्याज्ञानाला 50 गुण, म्हणजे टाळता येत नाही. तोंडी हिशेबावरून मांडणीकडे न्यायचा सराव स्वयंसेवकांकडून कसा करून घेता? आणि त्या एका भेटीत नेमकं काय टिपायचं?