सल्ला हवा: सिंगल-सीटर रेस बघायला कोइम्बतूर की चेन्नई?

गिअरबदलू: भाचा तेरा वर्षांचा. फॉर्म्युला वनचे आकडे तोंडपाठ, पण आपल्याकडे मारुती ८००च्या इंजिनावर रेसकार पळायच्या म्हटलं की हसतो. त्याला आपली राष्ट्रीय स्पर्धा दाखवायचीय, जमल्यास तिचा इतिहास घडला ती जागाही. पुण्याहून दोघं, रेल्वेनं, सगळं मिळून १२,००० रुपये.

टर्बोतात्या: बुद्ध सर्किट! ५.१२५ किमी. २०११ची फॉर्म्युला वन ग्रां प्री मी मुख्य स्टँडमधून पाहिलीय, व्हेटेल समोरून सुसाट गेला. विमानानं जा, हॉटेल ग्रेटर नोएडातच घ्या. १२ हजारांत हल्ली होतं काय?

गिअरबदलू: तात्या, बजेट वर लिहिलंय. आणि ग्रां प्री २०१३ला संपली.

क्लचप्लेट: डोळे झाकून कोइम्बतूर. करी मोटर स्पीडवे जेमतेम २.१ किमीचा, गाड्या सारख्या समोर येत राहतात. राष्ट्रीय स्पर्धेतला एलजीबी फॉर्म्युला ४ हा गट चुकवू नका. स्विफ्टचं १३०० सीसी इंजिन, गाड्या सगळ्यांना सारख्या. सरळ पट्ट्यावर घोळका एकमेकांच्या शेपटाला चिकटून येतो, पुढचा हवा कापतो, मागचा फुकटात वेग घेतो आणि वळणाच्या तोंडाशी बाहेर पडतो. कोण उशिरा ब्रेक मारतो, तिथेच निकाल.

पिटलेन_पंत: +१. फॉर्म्युला वनवाल्या करुण चंढोकच्या नावाचा ट्रॅक आहे, मान ठेवायलाच हवा.

क्लचप्लेट: पंत, करी म्हणजे करिवर्धन! कोइम्बतूरचे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फॉर्म्युला मारुती, म्हणजे मारुती ८००च्या इंजिनाची ती रेसकार, त्यांनीच घडवली. सुटे भाग रोजच्या गाडीचे, म्हणून पोरांना परवडली. १९९५ला विमान अपघातात गेले. ट्रॅक २००३चा.

पिटलेन_पंत: तेच म्हणतोय. करुणही २०००ला फॉर्म्युला मारुती जिंकलाच की.

मद्रासी_मिसळ: चेन्नई. इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक ३.७ किमी, खरा वेग तिथेच दिसतो. नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला मारुतीतूनच वर आला, १९९६ला फॉर्म्युला एशिया जिंकला, २००५ला जॉर्डन संघाकडून थेट फॉर्म्युला वन. सावलीची बोंब आहे. टोपी, पाणी, कानात घालायला बोळे न्या. माझा फोन उन्हानं तापून बंद पडला होता, नवा घ्यावा लागला. आणि एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, कॅलेंडर बघितल्याशिवाय तिकीट काढू नका, तारखा सरकतात.

टर्बोतात्या: कॅलेंडर बघाच, मीही हेच सांगणार होतो. बाकी चेन्नईत २०२४ला रात्री शहराच्या रस्त्यावर एलजीबीहून वेगळी फॉर्म्युला ४ झाली, तसलं काहीतरी दाखवा पोराला. स्विफ्टचं इंजिन काय बघायचं, ते सोसायटीत रोज दिसतं.

क्लचप्लेट: तात्या, सोसायटीत ते जमिनीला टेकून बसून चालवा एकदा, मग बोला.

जुनी_अँबॅसडर: इतिहास हवा असेल तर मूळ शोलावरम. मद्रासजवळची महायुद्धातली धावपट्टी, तिथे रेस भरायच्या. इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक झाला आणि ते थांबलं. पण आता तिथे बघण्यासारखं काही नाही. जाऊ नका.

मद्रासी_मिसळ: +१, अजिबात जाऊ नका.

गिअरबदलू: सगळ्यांचे आभार. भाच्याला धागा वाचायला दिला. "विमानाच्या धावपट्टीवर रेस? तिकडेच!" म्हणाला. स्लीपरची तिकिटं काढली, शोलावरमला जातोय. रेस यूट्यूबवर बघू. उरलेल्या पैशांत त्याला कार्टिंग.

टर्बोतात्या: यूट्यूबवरच बघायचं होतं तर धागा कशाला काढला?

पिटलेन_पंत: शोलावरम कोइम्बतूरपासून किती लांब पडतं?