मल्हाररावांच्या खटल्यावर कादंबरी: विष कोणी घातलं, हे लेखकाने ठरवावं का?

रावपुरेकर
९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळी फिरून आले, पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, चव बरी लागेना म्हणून उरलेलं ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ होता. त्यात सोमल (आर्सेनिकचं विष) आणि हिऱ्याची पूड निघाली. ठपका बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर आला. १८७५च्या चौकशी आयोगात तिघा इंग्रज सदस्यांनी त्यांना दोषी धरलं. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघा हिंदी सदस्यांनी धरलं नाही. शेवटी गादी गेली ती गैरकारभाराचं कारण देऊन.

म्हणजे निकाल लागलाच नाही. मग कादंबरीकाराने तरी तो लावावा! ‘काय घडलं कोण जाणे’ म्हणत चारशे पानं वाचायला लावणं ही वाचकाची फसवणूक आहे.

दांडिया बाजार
अजिबात पटत नाही. महाराजांनी विष घालायला सांगितल्याचा प्रसंग निवेदकाने सांगितला, की रेसिडेन्सीतल्या रावजी हवालदाराची तीच साक्ष सत्य होऊन बसते. त्याला माफीचं वचन होतं. त्याच्या पट्ट्यात पोलिसांना सोमलाची पुडी सापडली, तर ती पोलिसांनीच ठेवली असा बचावाचे वकील बॅलंटाइन यांचा रोख होता. साक्ष साक्षीदाराच्या तोंडीच राहू द्या. दीडशे वर्षांनी वाचक कादंबरीलाच इतिहास समजतो, आणि बडोद्यात तर ही माणसं अजून परकी झालेली नाहीत.

पपनस
दोघांनीही पेल्याकडे नीट बघा. पांढऱ्या सोमलाला चव जवळजवळ नसते आणि थंड पेयात तो पटकन विरघळत नाही. भुकटी नुसती वरून टाकली तर बरीचशी तळाशी बसते. हा कट फसला तो तिथेच. घोट घेताक्षणी माणूस कोसळला असं लिहिलंत तर प्रकरण कोसळेल, कारण मळमळ, उलट्या सुरू व्हायला साधारण अर्धा तास तरी जातो.

हिऱ्याची पूड तर विष म्हणून कुचकामी. ती जालीम असते ही समजूत तेवढी जुनी. पण सोमल कोणालाही मिळतो, हिरे महालाकडेच बोट दाखवतात. पूड घालणाऱ्याचा त्या समजुतीवर विश्वास होता, की त्याला महालाकडेच बोट दाखवायचं होतं? कादंबरी इथे उभी आहे.

रावपुरेकर
हिऱ्याचा मुद्दा मान्य. तरीही लेखकाने बाजू घ्यावी, याच मताचा मी आहे. सगळं रावजीच्या तोंडून लिहा, मग दांडिया बाजार यांचीही हरकत उरणार नाही.

दांडिया बाजार
उरतेच. पट्ट्यातली पुडी कोणाची, हे रावजीला पहिल्या पानापासून ठाऊक असणार. ते त्याने शेवटपर्यंत का दडवलं याचं कारण माफीच्या वचनात दिसलं पाहिजे. नाहीतर लपवाछपवी त्याची नाही, लेखकाची.