जुनी झेन 30 ते 40 मिलिमीटरने खाली बसवायची आहे: नव्या स्प्रिंगा घ्याव्यात की वेढे कापावेत?

उद्यमनगर_झेन (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे 1998 सालची मारुती झेन आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती. नोंदणीचे तिसरे नूतनीकरण झाले असून ते 2028 पर्यंत वैध आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकते, आणि चाक व मडगार्डची कमान यांच्यातील मोठी फट मला पहिल्यापासून खटकत आली आहे. म्हणून गाडी थोडी खाली बसवण्याचा विचार आहे. रोजचा प्रवास कोल्हापूर ते कागल असा महामार्गाचा आहे, आणि महिन्यातून एकदा चौघे जण सामानासह आंबोली घाटातून सावंतवाडीला जातो.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. एक, 40 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या तयार स्प्रिंगांचा संच. दुसरा, आमच्या मेस्त्रींच्या म्हणण्यानुसार प्रत्येक स्प्रिंगचा एक वेढा कापणे, जे काम अर्ध्या दिवसात होईल. शॉकअॅब्सॉर्बर (स्प्रिंगची उसळी आवरणारे तेलाचे दट्टे) मूळचेच ठेवावेत असे दोन्हीकडून सांगितले जाते. ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

स्प्रिंग_आणि_स्ट्रट

आपण विचारलेल्या दोन पर्यायांपेक्षा न विचारलेला मुद्दा, म्हणजे शॉकअॅब्सॉर्बरचा, मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तो आकड्यांनी समजावून सांगतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, आपल्या गाडीचे मोजलेले नाहीत.

समजा, पुढच्या एका स्प्रिंगवर 200 किलो भार आहे आणि ती 1 मिलिमीटर दाबायला 2 किलो लागतात. म्हणजे गाडी नुसती उभी असताना ती 100 मिलिमीटर दबलेली असते. आता 2.5 किलोची, म्हणजे सव्वापट कडक स्प्रिंग बसवली, तर त्याच भाराखाली ती 80 मिलिमीटरच दबेल. त्यामुळे गाडी 30 मिलिमीटर खाली यायची असेल, तर नव्या स्प्रिंगची मोकळी लांबी जुनीपेक्षा 50 मिलिमीटरने कमी असावी लागते. येथवर सारे ठीक आहे. पण जॅक लावल्यावर किंवा चाक खड्ड्यात उतरल्यावर ते किती खाली जाणार, हे शॉकअॅब्सॉर्बरची लांबी ठरवते. पूर्वी चाक 70 मिलिमीटर खाली जात असेल, तर आता ते नव्या पातळीपासून 100 मिलिमीटर जाईल, आणि स्प्रिंग मात्र 80 मिलिमीटरच उघडणार आहे. उरलेल्या 20 मिलिमीटरमध्ये स्प्रिंग बैठकीत, म्हणजे ती टेकते त्या जागी, सैल होते, फिरते, आणि चाक परत वर येताना भलत्या जागी बसते. म्हणून स्प्रिंग आखूड केली की शॉकअॅब्सॉर्बरही आखूड दांड्याचा असावा लागतो.

वरच्या दिशेचा हिशेब याहून कठीण आहे. बंप स्टॉपला, म्हणजे चाकाची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत पूर्वी 70 मिलिमीटर जागा होती, ती आता 40 राहिली. जुनी स्प्रिंग टेकण्यापूर्वी 140 किलोचा जादा धक्का पेलत होती. नवी, कडक असूनही, 100 किलोलाच टेकते. पूर्वीइतका धक्का पेलण्यासाठी ती 3.5 किलोची, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट कडक करावी लागेल, आणि तेवढ्या कडक स्प्रिंगला मूळच्या शॉकअॅब्सॉर्बरचे तेल आवरू शकत नाही. खड्ड्यानंतर गाडी उड्या मारत राहते. केवळ 750 किलोच्या आसपास वजन असलेल्या गाडीत हे फार लवकर जाणवते.

आणखी एक गोष्ट झुकण्याबद्दल. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग व शॉकअॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असलेली गाडी खाली आली की लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्याचा, कोन बदलतो, आणि ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. दोहोंतील अंतर वाढल्यामुळे कलण्याची ओढ कमी होण्याऐवजी वाढू शकते. गाडी खाली बसवल्यावर ती कमी झुकते असे वाटते, त्याचे बरेचसे श्रेय स्प्रिंगच्या कडकपणाला असते, उंचीला नव्हे.

माझे मत: 25 ते 30 मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, आणि जुळणारे शॉकअॅब्सॉर्बर घेण्याइतके पैसे हाताशी नसतील, तर तोवर थांबावे.

वेढा_कापलेला

वरच्या उत्तराशी सहमत आहे. वेढे कापण्याबद्दल स्वतःचा अनुभव सांगतो.

एक वेढा कापला की स्प्रिंग आपोआप कडक होते. काम करणारे सहा वेढे असतील आणि एक काढला, तर कडकपणा सहा भागिले पाच, म्हणजे 20 टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे केवळ हिशेबाने पाहिले, तर कापलेली स्प्रिंग विकतच्या स्प्रिंगच्या बरीच जवळ जाते, आणि मेस्त्रींना ते काम सोपे वाटते ते यामुळेच. अडचण आहे ती स्प्रिंगच्या टोकाची. स्प्रिंगचे टोक बैठकीत नेमके बसावे म्हणून कारखान्यात त्याला आकार दिलेला असतो. ते टोक सपाट किंवा आत वळवलेले असेल, तर कापल्यावर तो आकारच उरत नाही आणि सारा भार एका अणकुचीदार टोकावर येतो.

मी 2009 साली माझ्या मारुती 800 च्या पुढच्या स्प्रिंगा कापूनही समाधान न झाल्याने, त्या गॅसच्या ज्योतीने तापवून आणखी बसवून घेतल्या. पोलाद तापले की त्याला दिलेले पाणी, म्हणजे कारखान्यात आणलेला कणखरपणा, उतरते. चार महिन्यांत डावी बाजू उजवीपेक्षा खाली गेली आणि एका पावसाळी संध्याकाळी ती स्प्रिंग तापवलेल्या जागीच तुटली. तुटलेले टोक टायरच्या कडेला घासत होते, हे मला टायर फुटल्यावर समजले. वेग कमी होता आणि गाडीत मी एकटाच होतो. आपण घाटातून कुटुंबाला घेऊन जाता, म्हणून हे मुद्दाम लिहितो. ज्योत कोणत्याही कारणाने स्प्रिंगजवळ आणू देऊ नये.

काम कोणीही केले, तरी पुढचा स्ट्रट उघडताना दोन्ही बाजूंना व्यवस्थित स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे शिकंजे) लावलेले आहेत, हे उभे राहून पाहावे. दबलेली स्प्रिंग निसटली तर हात वाचत नाही.

गतिरोधक_मोजणारा

रस्त्याबद्दल लिहितो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या वक्राचा असावा. झेनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर 2335 मिलिमीटर आहे. अशा गतिरोधकाच्या माथ्यावर गाडी मध्यावर आली, की चारही चाके उतारावरच असतात आणि पोटाखालची जागा सुमारे 40 मिलिमीटरच कमी होते. पण वस्तीजवळ लोकांनी स्वतः घातलेला मीटरभर रुंदीचा अरुंद उंचवटा तेवढ्याच उंचीचा असला, तरी पुढची चाके पलीकडे सपाट रस्त्यावर आणि मागची अलीकडे असतात. तेव्हा पूर्ण 100 मिलिमीटर जागा खर्ची पडते. आपल्या नेहमीच्या वाटेवर असे किती आहेत ते मोजा, आणि चौघे बसवून व सामान भरून चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाखाली किती जागा उरते तेही मोजा. चेंबरला चीर पडली आणि तेलाचा दिवा पाहण्यात उशीर झाला, तर नुकसान स्प्रिंगांच्या किमतीच्या कितीतरी पट होते.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणाऱ्या बदलांना मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हीच भूमिका घेतली आहे. 2028 मध्ये आपली गाडी पुन्हा तपासणीसाठी न्यावी लागेल, त्यामुळे मूळ स्प्रिंगा फेकून देऊ नका. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

उद्यमनगर_झेन

सर्वांचे मनापासून आभार. काल सपाट फरशीवर गाडी उभी करून, टायरमध्ये सारखी हवा भरून, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे अंतर मोजले. पुढची उजवी बाजू, म्हणजे चालकाची, डावीपेक्षा 14 मिलिमीटर खाली आहे. मागे दोन्ही बाजूंत 5 मिलिमीटरचा फरक आहे. डोळ्यांना हे कधीच दिसले नव्हते. शिवाय पुढच्या एका शॉकअॅब्सॉर्बरवर तेल ओघळलेले आहे.

स्प्रिंग_आणि_स्ट्रट

मग आपल्या तक्रारीचे मूळ सापडले आहे, असे मला वाटते. इतक्या वर्षांत स्प्रिंग बसली आहे आणि शॉकअॅब्सॉर्बर गेला आहे. वळणावर वाढलेले झुकणे बहुधा त्यातूनच आले असेल. प्रथम चारही शॉकअॅब्सॉर्बर, स्ट्रटची वरची माउंटिंग, बंप स्टॉप आणि लोअर आर्मचे बुश (सांध्यांतील रबरी नळ्या) नवे घाला, आणि स्प्रिंगा मूळ मापाच्याच, जोडीने बदला. तशी गाडी दोन महिने चालवून पाहा.

त्यानंतरही खाली बसवायचीच असेल, तर 40 ऐवजी 25 मिलिमीटरचा संच मागा. काम झाल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून स्प्रिंगा आपल्या जागी बसू द्या आणि मगच व्हील अलाइनमेंट करा. उंची बदलली की टो, म्हणजे चाके आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलतोच, आणि तो तसाच राहिला तर टायरची एक कड थोड्याच महिन्यांत झिजते. मागच्या एक्सलला आडवा धरणाऱ्या दांड्यामुळे एक्सल किंचित बाजूला सरकतो, पण एवढ्या उंचीला तो फरक मिलिमीटर-दीड मिलिमीटरचाच असतो. बदलत्या लांबीचा दांडा घेण्याचा खर्च करू नका. मात्र मागच्या एक्सलला जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह आहे का, हे खाली वाकून अवश्य पाहा. असेल तर गाडी खाली आल्यावर तो भार वाढला असे समजून मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकतात. त्याचीही जुळणी करून घ्यावी लागेल.

उद्यमनगर_झेन

पटले. मेस्त्रींना वेढे कापण्याबाबत नकार कळवला आहे. या महिन्यात शॉकअॅब्सॉर्बर, माउंटिंग, बुश आणि मूळ मापाच्या स्प्रिंगा बसवून घेतो, आणि आंबोलीची एक फेरी झाल्यावर चारही बाजूंची मोजमापे पुन्हा येथे लिहितो.