'शेप ऑफ यू' भजनी थाटात बसवायचं आहे, ठेका कुठला लावू?

वेंगुर्लेकर
चतुर्थीच्या भजनासाठी एड शीरनचं 'शेप ऑफ यू' पखवाज, पेटी, झांज आणि चकीवर बसवायचं आहे. की-बोर्ड नाही, ट्रॅक नाही. इंग्रजी शब्द काढून चालीवर गजर घालायचा. कहरवा लावला की ऑर्केस्ट्रा वाटतो, नेहमीचा भजनी ठेका लावला की गाणं ओळखूच येत नाही. पेटीवर कॉर्ड धरले तर चर्चमधला ऑर्गन. पखवाज पांढरी 4 ला (पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला) लावलेला आहे. मात्रा कशा पाडू?

डावा_हात
कहरवा आठ मात्रांचे 4-4 करतो, आणि या गाण्याचा सगळा जीव 3-3-2 मध्ये आहे. मूळ लय मिनिटाला 96 ठोके. प्रत्येक ठोक्याचे चार भाग करा, म्हणजे दोन ठोक्यांत आठ मात्रा आणि आवर्तन सव्वा सेकंदाचं. बोल:

धा ते टे । ता ते टे । धा गे

मधल्या 'ता'वर डावा हात अजिबात नको, डोलणं तिथेच आहे. तिन्ही खंडांवर 'धा' मारलात तर लेझीम होईल. डाव्या पुडीवरची (कातड्यावरची) कणीक नेहमीपेक्षा कमी लावा. सातव्या मात्रेवरून पुढच्या समेला (पहिल्या मात्रेला) जायला जेमतेम तीस-एकतीस शतांश सेकंद मिळतात, तेवढ्यात जाड कणकेची घुमार विरत नाही आणि दोन 'धा' एकात एक मिसळतात. चतुर्थीच्या दमट हवेत पुडीचा सूर उतरतो, म्हणून बसण्याआधी अर्धा तास सूर पुन्हा बघा.

पेटीवाला
मूळ पट्टी काळी 1. पण पखवाज पांढरी 4 चा असेल तर तो चार पट्ट्या खाली उतरवू नका, वाद्या (ताण देणाऱ्या चामडी दोऱ्या) सैल पडून नाद बसेल. गाणंच वर न्या.

सुरुवातीचा तो लाकडी आवाजाचा तुकडा बारा सुरांचा आहे: सा ग सा, सा ग सा, सा ग सा, रे सा नि. ग आणि नि कोमल, नि मंद्रातला. तुमच्या पट्टीत सा पांढरी 4, ग काळी 4, रे पांढरी 5, नि काळी 2. तीन-तीन सुरांचा एकेक गट एका आवर्तनात, सूर 1, 4 आणि 7 या मात्रांवर.

मूळ वाद्याचा आवाज वाजला की लगेच विरतो, पेटीचा विरत नाही. म्हणून बोट लगेच उचला. भात्याने सूर तोडायला जाऊ नका, भाता एकसारखाच चालू दे. खर्जाचा स्टॉप आणि कप्लर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलाही सूर वाजवणारी जोडणी) बंद. खर्जाची पत्ती बोलायला उशीर लावते आणि 3-3-2 लंगडं होतं.

कॉर्ड पेटीवर नकोतच. मागे धरणाऱ्यांना हुंकारात एकेक सूर द्या, दर आवर्तनाला बदलून: सा, म, कोमल ध, कोमल नि (पांढरी 4, काळी 5, काळी 1, काळी 2). चार आवर्तनं म्हणजे पाच सेकंद, मग पुन्हा सा. मंद्रात उतरायला लावू नका, म मध्य सप्तकातलाच घ्या.

एक धोका. कोमल ग, ध, नि दिसले की भजनी गळा सवयीने भैरवीत शिरतो आणि कोमल रे लावतो. इथे रे शुद्ध. तेवढा एक चुकला की गाणं गेलं.

मालवणी_झांज
झांजवाल्याक आधीच सांगून ठेवा, लय वाढवची नाय. गजर म्हटलो की हात आपसूक चढता. 120 वर गेलात की आवर्तन एका सेकंदात संपता, 'ते टे'चो नुसतो खुळखुळो. झांज फक्त पयल्या आणि सातव्या मात्रेर, ती पण दाबून. चकी चौथ्या मात्रेर. दुगुन (दुप्पट लय) करूचीच असात तर अगदी शेवटाक, आणि तेव्हा 3-3-2 सोडून सरळ कहरव्यार येवा.

कायदेबाज
बैठकीत वाजवणं वेगळं, यूट्यूबवर टाकणं वेगळं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 31सी मध्ये कव्हरसाठी सवलत आहे: पहिलं ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं जावी लागतात (2017 चं गाणं, ती मुदत सरली), आणि वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. मंडळीला ते झेपायचं नाही. शिवाय शब्द बदलून गजर घातला की मूळ कृतीत फेरफार झाला, त्याला वेगळी परवानगी. ती एकट्या शीरनकडून मिळून भागत नाही. 2017 मध्येच टीएलसी या अमेरिकन गायिकांच्या गटाच्या 'नो स्क्रब्ज'च्या गीतकारांची नावं या गाण्याला जोडली गेली आहेत.

गंमत म्हणजे या गाण्यातल्या 'ओ आय' या तुकड्यावरून लंडनच्या न्यायालयात खटला चालला. 2022 मध्ये निकाल शीरनच्या बाजूने लागला, एक कारण असं की मायनर पेंटॅटोनिकचे (पाच सुरांच्या एका पाश्चात्य सुरावलीचे) पहिले चार चढते सूर ही अगदी सर्रास सापडणारी गोष्ट. आपल्या भाषेत सा, कोमल ग, म, प.

वेंगुर्लेकर
चौथ्या मात्रेवर चकी आणि पखवाजचा 'ता' दोन्ही येतात. एकमेकांना मारणार नाहीत?

डावा_हात
एकत्रच यायला हवेत. 'ता' काठावर, हलका. चकी मोठी झाली तर चकी कमी करा, 'ता' वाढवू नका.