मदत हवी आहे : क्रिन, फेरून आणि अथास एकाच जगात जोडताना पोलादाच्या नाण्यांचे काय करावे?

जळगावात आमचा सहा जणांचा गट गेली चार वर्षे दर रविवारी दुपारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे घेऊन खेळायच्या काल्पनिक खेळाची पाचवी आवृत्ती खेळत आला आहे. आमच्यातले तिघे आळीपाळीने डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, होत आणि प्रत्येकाचे काल्पनिक जग निराळे असे : एकाचे ड्रॅगनलान्समधले क्रिन, दुसऱ्याचे फरगॉटन रेल्म्समधले फेरून आणि माझे डार्क सनमधले अथास. दिवाळीनंतर ते दोघे डीएम नोकरीनिमित्त पुण्याला गेले. उरलेल्या चौघांपैकी कोणालाच आपले जुने पात्र सोडवत नाही, त्यामुळे तिन्ही जगे जोडून एकच कॅम्पेन, म्हणजे सलग कथा, चालवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

तिन्ही जगे एकाच नकाशावर समुद्रापलीकडचे खंड म्हणून मांडावीत, असे आधी मनात होते. याला पूर्वाधार आहे : १९८५ मध्ये स्वतंत्रपणे आलेला कारा-तूर हा प्रदेश पुढे फेरूनच्या पूर्वेला जोडला गेला आणि १९९२ मध्ये झखारा हा दुसरा प्रदेश दक्षिणेला आला. परंतु जमीन जोडता आली तरी आकाश जोडता येत नाही. क्रिनवर सोलिनारी, लुनिटारी आणि नुइटारी असे तीन चंद्र आहेत व तेथल्या जादूगारांची शक्ती त्यांच्या कलांप्रमाणे वाढते-घटते. फेरूनच्या आकाशात चंद्र एकच. म्हणून जगे वेगळी ठेवून याच खेळाच्या १९९४ च्या प्लेनस्केपमधले सिगिल, म्हणजे वेगवेगळ्या जगांत उघडणाऱ्या दरवाजांचे शहर, मध्ये घालायचे ठरवले. हे समजावून सांगताच एक जण म्हणाला, ‘म्हणजे भुसावळ जंक्शन!’ आणि त्यानंतर कोणी शंका काढली नाही.

खरी अडचण पहिल्याच सेशनला उभी राहिली. महाप्रलयानंतरच्या क्रिनवर सोन्याला फारशी किंमत उरलेली नाही. सोन्याचे हत्यार होत नाही, पोलादाचे होते, म्हणून तेथे व्यवहार पोलादाच्या नाण्यांत चालतो. फेरूनमध्ये मात्र चलन सोन्याचे आहे. आमच्यातला एक जण सराफ बाजारात घरच्या दुकानावर बसतो. फेरूनमध्ये लाँगसोर्ड कितीला मिळते, असे त्याने विचारले. नियमपुस्तकाप्रमाणे १५ सुवर्णनाण्यांना, असे मी सांगितले. वजन किती? तीन पौंड. मग त्याने चहाच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला : ५० नाण्यांचा एक पौंड, म्हणजे एका तलवारीत पोलादाची १५० नाणी, मूठ, चामडे आणि वितळवतानाची घट वजा केली तरी शंभराच्या वर नाणी हाती येतात. ती क्रिनवर देऊन तेथले सोने उचलायचे आणि परत येऊन पुन्हा तलवारी घ्यायच्या. मी दोन आठवडे खपून लिहिलेली मोहीम बाजूला राहिली आणि सगळी पात्रे खेचरांची चौकशी करू लागली.

अथासचा प्रश्न याहून बिकट आहे. तेथे धातूच दुर्मीळ असून नाणी भाजलेल्या मातीची आहेत, त्यामुळे पोलादाच्या दहा तलवारी नेणारा माणूस तेथे धनाढ्य ठरेल. (तेथल्या उन्हाचे वर्णन मात्र मला कधी करावे लागले नाही. मे महिन्यातले जळगाव सर्वांनी पाहिलेले आहे.) शिवाय अथासवर देव नाहीत, मग फेरूनच्या क्लेरिकची, म्हणजे देवाकडून मंत्र मिळवणाऱ्या पुजाऱ्याची, मंत्रशक्ती दरवाजा ओलांडताच बंद करावी का? तसे केले तर खेळाडूवर अन्याय होतो, आणि न केले तर अथासचे वेगळेपण उरत नाही.

व्यापारावर सरळ बंदी घालणे मला पटत नाही, कारण हिशेब करणाऱ्याची चूक नाही. ज्यांनी अशी जगे जोडून खेळवली आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

प्रतिसाद :

नमस्कार. मी धुळ्याचा असून आमच्या गटातही असेच झाले होते. आपल्या सराफ मित्रालाच विचारा, मोडीचा भाव आणि नाण्याचा भाव एक असतो का? क्रिनवरच्या नाण्यावर तिथल्या टाकसाळीची छाप असते. वितळवलेली तलवार ही मोड आहे, तिला मोडीचा भाव द्या आणि दर खेपेला तो उतरवत न्या. दुसरे असे की, क्रिनकडचा दरवाजा लुनिटारीच्या पौर्णिमेलाच उघडतो असे ठरवा, म्हणजे तीन चंद्रही कामाला येतील आणि फेऱ्याही आपोआप मर्यादित होतील. क्लेरिकची शक्ती एकदम बंद करू नका. खर्ची पडलेले मंत्र अथासवर परत मिळणार नाहीत, एवढाच नियम ठेवा. आमच्या क्लेरिकने एक उपचारमंत्र चार सेशन जपून ठेवला होता. आणि खेचरांचे भाडे आगाऊ घ्या.